नवी मुंबईला बिऱ्हाड हलवायचंय: पाणी, बस, दवाखाना, कुठल्या नोडात (उपनगरात) काय मिळतं?

शहापूरचा_मास्तर

नमस्कार बेळगावकर मंडळी. मुलगा नवी मुंबईत नोकरीला आहे, आता घर घेऊलालाय आणि आम्हा दोघांनाही तिकडंच या म्हणून मागं लागलाय. त्याच्या यादीत तीन जागा आहेत. नेरूळला जुन्या सोसायटीत लहान घर, खारघरला त्याहून मोठं, आणि उलव्याला नवं कोरं दोन बेडरूमचं. पैशाच्या हिशेबात उलवे बरं पडतं. त्याला विचारलं की तो विमानतळ, अटल सेतू, मेट्रो एवढंच सांगतो. या वयात मी कितीदा विमानात बसणार?

माझे प्रश्न साधे आहेत. नळाला पाणी किती वेळ? कचरा कोण उचलतं? रात्री छातीत कळ आली तर सरकारी दवाखाना किती लांब? हिचे गुडघे दुखतात, बस दारापाशी मिळते का? आणि आमची कागदपत्रं सगळी कर्नाटकाची, त्याचं काय करायचं?

आपल्यातले बरेच जण तिकडं आहेत म्हणून विचारतोय. जाहिरातीतलं सांगू नका, ते मुलाकडं भरपूर आहे.

संकेश्वरी_मिरची

मास्तर, या की हो! मी वाशीच्या मसाला बाजारात आहे, राहायला कोपरखैरण्यात. सकाळी बाजारात आलात तर बेळगावचं कोणी ना कोणी भेटतंयच. आपल्याकडची मिरची, निपाणीचा गूळ, सगळं इथंच उतरतं. हा बाजार पूर्वी मुंबईत मशीद बंदर, भायखळ्याकडं होता. तिथली गर्दी कमी करायची म्हणून ८०च्या दशकात आधी कांदा-बटाटा आणि मग एकेक करून बाकीचे बाजार इकडं आणले. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी हमालांची घरं आहेत ती त्यामुळंच.

पाण्याचं म्हणाल तर कोपरखैरण्यात आम्हाला तक्रारीला जागा नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

नकाशेवाला

मी टिळकवाडीचा, धंद्यानं सिव्हिल इंजिनिअर. सध्या पुण्यात असलो तरी मधली बरीच वर्षं बेलापूरला काढली. मास्तर, तुम्ही तिन्ही घरांना "नवी मुंबई" म्हणताय, पण ती तीन वेगवेगळ्या कारभाऱ्यांच्या हद्दीत आहेत. नेरूळ नवी मुंबई महानगरपालिकेत, खारघर पनवेल महानगरपालिकेत, आणि उलवे कुठल्याच महापालिकेत नाही. तिथं सगळं सिडकोकडं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडं. तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इथंच बदलतात.

थोडं मागं जातो. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबत चाललीय, तर खाडीपलीकडं पूर्वेला नवं शहर वसवा. त्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतली ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन आराखड्यात आली. एकच मोठं गाव न करता १४ नोड करायचे, प्रत्येकाचं स्टेशन, बाजार, शाळा वेगळी, आणि रेल्वेनं सगळे जोडायचे असा बेत होता. वाशी पहिली. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला, पण लोकल यायला १९९२ उजाडलं. मधली वीस वर्षं लोकांनी बसच्या रांगेत काढली.

पैसा कुठून आला ते ऐकण्यासारखं आहे. सिडको जमीन घ्यायची, रस्ते-गटारं करून तिचे प्लॉट टेंडरनं विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड उभा करायचा. रेल्वेमार्गाच्या खर्चातही ६७ टक्के वाटा सिडकोनं उचलला, रेल्वेचा फक्त ३३. वाशी किंवा बेलापूरच्या स्टेशनवर एवढाल्या व्यापारी इमारती दिसतात, त्या याच हिशेबातल्या.

पुढं १ जानेवारी १९९२ ला वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर या पट्ट्यासाठी नवी मुंबई महापालिका सुरू झाली. खारघर, कामोठे, कळंबोली बराच काळ सिडकोकडंच राहिले आणि १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिकेत गेले. त्यानंतर तिथं भांडण लागलं. सिडको सेवाशुल्क घेत होती आणि पालिकेनं २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागितला. लोक म्हणाले, एकाच कचऱ्याचे दोनदा पैसे का? ते प्रकरण कोर्टात गेलं. खारघरचं घर घेणार असाल तर मागच्या मालकाची कराची थकबाकी आहे का, हे पहिल्यांदा बघा.

शहापूरचा_मास्तर

हे मुलाला माहीत असेल असं वाटत नाही. पाण्याचं सांगा की.

नकाशेवाला

नवी मुंबई महापालिकेकडं स्वतःच्या मालकीचं धरण आहे, खालापूर तालुक्यातलं मोरबे. हे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बांधत होतं, महापालिकेनं २००२ मध्ये ते विकत घेतलं. त्या वेळी एवढा पैसा धरणात कशाला घालायचा असं म्हणणारे होतेच. आज दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. भोकरपाड्याला शुद्धीकरण होतं आणि उताराच्या जोरावर मोठ्या नळातून शहरात येतं.

आपण बेळगावात पावसाळ्यात आपल्या राकसकोप जलाशयाची पातळी फुटांत वाचतो ना? तिथं लोक मोरब्याची मीटरमध्ये वाचतात. ८८ मीटर झालं की धरण भरलं, मग जलपूजन आणि पेपरात फोटो.

खारघरला मुख्यतः सिडकोचं हेटवणे धरणाचं पाणी. उलव्यालाही हेटवणेच. लोकवस्ती वाढली त्या वेगानं हे पाणी वाढलं नाही. खारघरला उन्हाळ्यात रिकामे हंडे घेऊन मोर्चे निघतात, त्याच्या बातम्या दर वर्षी येतात. तळोजा, उलवे इथल्या कितीतरी सोसायट्या टँकर मागवतात. घर नवं आहे, टाइल्स चकचकीत आहेत, पण सोसायटीच्या जमाखर्चात टँकरची ओळ किती मोठी आहे ते बघा.

वडगाव_शिवार

म्हणजे त्यांनी धरण घेतलं, आणि आम्ही अजून पाणी "चौथ्या दिवशी का पाचव्या" विचारुलालोय. 😀

टिळकवाडीची_लेक

पूर्ण खरं नाही हं दादा. २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीत काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं होतं. देशभरातले लोक बघायला यायचे. माझ्या मावशीकडं तेव्हापासून घागर भरून ठेवायची सवय गेली. आम्ही एक रस्ता सोडून पलीकडं, आमच्या बाथरूममध्ये अजून तीन पिंप.

वडगाव_शिवार

तेच म्हणतोय मी. रस्ता ओलांडला की गाव बदलतंय.

नेरूळची_सून

मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्नानंतर नेरूळला. मास्तरकाका, तुमच्या दवाखान्याच्या प्रश्नाचं मी सांगते, कारण सासऱ्यांना घेऊन हे सगळं फिरून झालंय.

महापालिकेचं मोठं रुग्णालय वाशीला, आणि नेरूळ, ऐरोलीलाही पालिकेची रुग्णालयं आहेत. शिवाय विभागाविभागात नागरी आरोग्य केंद्रं, जिथं बीपी, साखर तपासून गोळ्या मिळतात. म्हाताऱ्या माणसाला खरी गरज याचीच. मोठ्या आजाराला मात्र डॉक्टर, खाट, मशीन यातलं एक तरी कमी पडतं आणि मग मुंबईच्या सायन-केईएम रुग्णालयांचा रस्ता किंवा खासगी. खासगीची इथं कमी नाही, खिशाला मात्र झेपलं पाहिजे. उलव्यात सरकारी म्हणावं असं मोठं रुग्णालय नाही. रात्री कळ आली तर नेरूळ-बेलापूर किंवा पनवेल गाठायचं. रस्ता रात्री मोकळा असतो, पण गाडी चालवणारं माणूस घरात हवं.

काका, तुमचं वय ७० च्या वर असेल तर आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड बेळगावातच काढून या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न बघता मिळतं, आणि दुसऱ्या राज्यातल्या नोंदणी असलेल्या रुग्णालयातही चालतं. पण रुग्णालय यादीत आहे का, आणि तुमचा आजार तिथं त्या योजनेत घेतात का, हे आधी फोन करून विचारायचं.

बसचं: एनएमएमटी, म्हणजे पालिकेची बससेवा, १९९६ पासून आहे. नेरूळमधून वाशी, बेलापूर, पनवेल, ठाणे, सगळीकडं जाता येतं. सेक्टरमधल्या आतल्या बस मात्र कमी आणि वेळेचा भरवसा कमी. स्टेशनपर्यंत रिक्षा. एक गोष्ट कोणी सांगत नाही, रस्ते रुंद केले म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ओलांडायलाही रुंद. काकूंचे गुडघे दुखतात तर पाम बीच रोडच्या बाजूची सोसायटी नको, स्टेशनच्या बाजूची बघा. आणि लिफ्ट आहे का ते! सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाहीत.

चिकोडीची_अक्का

लिफ्टचं बरं सांगितलंस गं. माझी बहीण पाच वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली बघत बसलीया.

मास्तर, वहिनींना सांगा, कर्नाटकाच्या "शक्ती" योजनेतला बायकांचा फुकट बसप्रवास कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यापर्यंतच. पलीकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण एनएमएमटी म्हणजे एसटी नव्हे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार येत असतील तर रेशनकार्ड घाईनं इकडून तिकडं करू नका.

शहापूरचा_मास्तर

अक्का, मी पेन्शनवाला, आयकर भरतो. गृहलक्ष्मी आमच्या दारात आलीच नाही. शक्तीवर मात्र ही सौंदत्ती, गोकर्ण सगळं फिरून आली.

संकेश्वरी_मिरची

रेशनचं: कार्ड अन्नसुरक्षेतलं असेल तर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतंय. आमच्या हमालांतली बरीच पोरं कर्नाटक-बिहारच्या कार्डावर उचलतात. तुमचं कार्ड वरच्या उत्पन्न गटातलं, त्यावर इकडं काही नाही. आणि महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीतला दाखला सांभाळून ठेवा. नातवंडांच्या प्रवेशाला, नोकरीला महाराष्ट्रात तो उपयोगी पडतो. महात्मा फुले आरोग्य योजनाही २०२३ मध्ये सीमाभागाला लागू केली, तीही विचारून घ्या.

खाडीकाठ

मी बेळगावचा नाही, सासुरवाडी चंदगडची म्हणून हा धागा वाचतो. मी आगरी, उलवे परिसरातला. वरती इंजिनिअर साहेबांनी लिहिलं की "सिडको जमीन घ्यायची आणि विकायची". घ्यायची ती आमची.

भाताची शेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, ९५ गावांचं पोट याच्यावर होतं. १९७०च्या संपादनात मिळालेला दर बघितला तर आज त्यात विमानतळाजवळ एक दिवस गाडी उभी करता येणार नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघर फाट्याला शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेब पुढारी होते. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: जेवढी जमीन घेतली त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कापून हातात पावणेनऊच टक्के. तोसुद्धा मिळायला पिढी गेली. किती जणांनी प्लॉट हातात यायच्या आधीच कागद विकून टाकला. विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के मिळालं ते या अनुभवावरून भांडून घेतलेलं. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याच्यासाठी डोंगर कापला, उलवे नदी वळवली, गावं उठवली. त्याला दि. बा. पाटील साहेबांचं नाव द्यावं म्हणून आम्ही किती मोर्चे काढले ते पेपरात वाचलं असेल.

आता सेवांचं बोलतो. नोडाच्या नकाशात गावठाण पांढरं सोडलेलं असतं. सेक्टरला गटार, गावठाणाला उघडा नाला. कुटुंब वाढलं तसं आम्ही गावठाणाच्या बाहेर घरं बांधली, ती "अनधिकृत" झाली. सरकार गरजेपोटीची घरं नियमित करायचे निर्णय काढतं, पुन्हा सुधारतं, पुन्हा काढतं. मास्तर, तुम्ही उलव्यात आलात तर आनंदच आहे, भाड्यानं घर देणारे आम्हीच आहोत. 😀 पण "नियोजित शहर" ऐकलं की आमच्या घरातली म्हातारी माणसं उठून जातात.

वडगाव_शिवार

दादा, हे वाचून गप्प बसवत नाही. हलगा-मच्छे बायपास म्हणून आमच्या शिवारातून रस्ता काढला. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, सगळी पिकाऊ जमीन, वर्षाला तीन पिकं. बासमतीचं भात, नंतर भाजी, कडधान्य. शेतकरी किती वर्षं कोर्टात. बळ्ळारी नाल्याचं पाणी आधीच शेतात घुसत होतं, आता भराव टाकल्यावर ते कुठं जाणार हे एकाही साहेबानं शिवारात येऊन सांगितलं नाही. कणबर्गीची ६१ नंबरची योजना बघा, बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणानं वसाहत करायची म्हटली आणि वर्षानुवर्षं भिजत पडली. शेतकऱ्याला अर्धे प्लॉट द्यायचं ठरलं म्हणतात. साडेबारापेक्षा अर्धे बरे, कागदावर तरी.

नकाशेवाला

खाडीकाठ, तुमचं म्हणणं मान्य. आराखडा करणाऱ्यांच्या मूळ कागदात जमीनधारकांनाही शहराच्या वाढीचा फायदा मिळावा असा विचार होता, पण अंमलबजावणीला गोळीबारापर्यंत वाट बघावी लागली.

आणखी एक ठरवलेलं घडलं नाही. मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्या बेलापूरला हलवायच्या, म्हणजे माणसं आपोआप येतील, असा मूळ बेत. त्याऐवजी सरकारनं नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून तिथंच इमारती वाढवल्या. कोरियांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. बेलापूरला सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक आली, पण मंत्री आले नाहीत. वसाहत मागं पडली त्याचं हे एक मोठं कारण, रेल्वे उशिरा येणं हे दुसरं. माझं स्वतःचं मत असं की हे दोन निर्णय वेळेवर झाले असते तर आज मुंबईच्या लोकलमध्ये माणूस उभा तरी राहू शकला असता.

टिळकवाडीची_लेक

आमच्याकडं याच्या उलट. हलग्याला सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, २०१२ मध्ये बांधून तयार, उद्घाटनाला राष्ट्रपती आले. डिसेंबरात दहा-बारा दिवस अधिवेशन, हॉटेलं फुल्ल, रस्ते बंद, एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाही. बाकी वर्षभर काही कचेऱ्या आणि बाहेर फोटो काढणारे. एकीकडं शहर आहे, मंत्रालय नाही. एकीकडं मंत्रालयाएवढी इमारत आहे, मंत्रालय नाही.

निपाणी_नाका

धागा सीमाप्रश्नाकडं वळायच्या आत कोणीतरी कचऱ्याचं सांगा.

नेरूळची_सून

कचऱ्याला नवी मुंबईला मानलं पाहिजे. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी, पुढंही वरच्या रांगेतच. ओला-सुका वेगळा दिला नाही तर गाडीवाला आमच्या सोसायटीचा उचलत नाही, सेक्रेटरी व्हॉट्सॅपवर फोटो टाकून लाजवतात. तुर्भ्याला प्रक्रिया केंद्र. सांडपाण्याचं शुद्धीकरण चांगलं आहे, ते पाणी बागांना, उद्योगांना देतात. माहेरी गेले की बेळगावच्या तुरमुरी कचरा डेपोवरची भांडणं ऐकते तेव्हा फरक कळतो.

एमआयडीसीच्या बाजूला दिघा, तुर्भे स्टोअर, रबाळेच्या झोपडपट्ट्या आहेत, तिथं हे इतकं चकचकीत नाही. बक्षिसाच्या फोटोत त्या येत नाहीत.

नकाशेवाला

पावसाचं राहिलं, आणि मास्तरांसाठी ते महत्त्वाचं. या शहराचा बराच भाग खाडीत भराव घालून केलेला, मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडची दारं बंद, शहराचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. कल्पना झकास. पण तलावांत गाळ साचला, त्यावर कांदळवन उगवलं, आणि कांदळवनाला कोर्टाचं संरक्षण असल्यानं गाळ काढायला परवानग्यांची रांग. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की वाशी, बेलापूरच्या सखल सेक्टरांत पाणी भरतं. तळमजला घेऊ नका.

शहापूरचा_मास्तर

तळमजला हिच्या गुडघ्यांसाठीच बघत होतो. आता लिफ्टची इमारत शोधायला सांगतो.

सगळ्यांचं वाचून माझा कल नेरूळकडं झुकतोय, पण मुलगा म्हणतो लहान घरात चौघं कसे मावणार. एक विचारतो, ही जमीन आपल्या नावावर होते ना? इथल्यासारखा उतारा निघतो का?

नकाशेवाला

सिडकोची जमीन मूळची मालकी हक्कानं दिलेली नसते, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली असते. घर विकताना-घेताना सिडकोकडं हस्तांतरण शुल्क भरून नाव लावावं लागतं. शहापूरचा उतारा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर गोंधळ होईल. नेरूळच्या जुन्या सोसायटीत पट्टा केव्हा सुरू झाला, किती वर्षं उरलीत, इमारत पुनर्विकासाला गेलीय का, हे तीन कागद मागा. पुनर्विकास ठरला असेल तर चार-पाच वर्षं तुम्हाला भाड्याच्या घरात काढावी लागतील.

खाडीकाठ

आणि घर बघायला मे महिन्यात या. डिसेंबरात सगळे नोड छान दिसतात. वॉचमनला विचारा टँकर किती येतात, तो खरं सांगतो. एजंटला विचारू नका.

शहापूरचा_मास्तर

मेमध्ये येतो. रेल्वेनं की बसनं?

संकेश्वरी_मिरची

रेल्वेनं आलात तर कल्याण-ठाण्याकडून, मग ठाण्याला लोकल बदलून नेरूळ. जिने चढावे लागतात, वहिनींना नको. रात्रीची खासगी बस धरा, एक्स्प्रेस वे उतरली की कळंबोली, नेरूळ, वाशी करत जाते. ड्रायव्हरला आधीच नेरूळ सांगून ठेवा, नाहीतर पहाटे कळंबोलीला हायवेवर उतरवतो. मेच्या गाड्या लगीनसराईनं भरतात, तिकीट लवकर काढा. आणि सीमेच्या नाक्यावर काही गडबड सुरू असेल तर त्या दिवशी सरकारी बसचं काही खरं नसतं, तारीख पुढं ढकला. आलात की बाजारात फोन करा, मिरची गल्लीत कुणालाही विचारा, बेळगावचा कोण म्हणून.